कपाशीच्या पानावरील व सरकीवरील जिवाणू : मित्र कोण, शत्रू कोण?



उत्तरा नक्षत्राची झड तीन-चार दिवस लागून राहते. झरी जामणी तालुक्यात या सुमारास कपाशी कमरेच्या वर गेलेली असते, पात्या-फुलांबरोबर खालची बोंडेही भरत असतात. झड उघडल्यावर आपण शेतात जातो तेव्हा खालच्या पानांवर काळपट ठिपके दिसतात. दोन पाने तोडून खिशात घालायची, मुकुटबन किंवा पाटणला कृषी सेवा केंद्रावर दाखवायची, मिळतील ती दोन-तीन औषधे आणायची आणि दुसऱ्या दिवशी ती एकत्र करून पंप पाठीवर घ्यायचा, असा रिवाज गावोगाव पडला आहे. ठिपका कशाचा आहे, हे मात्र बहुतेक वेळा कुणी विचारीत नाही.

असा ठिपका बरेचदा जिवाणूंमुळे आलेला असतो. मावा, तुडतुडे किंवा बोंडअळी मारणाऱ्या औषधाने जिवाणू मरत नाही. म्हणजे औषधाचे पैसे जातात, रोग तसाच राहतो आणि फवारणाऱ्याच्या अंगावर विष मात्र पडते. २०१७ च्या खरिपात आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. उंच वाढलेली कपाशी, दमट उकाडा, उघडे अंग आणि एकात एक मिसळलेली औषधे, असे सारे त्या वर्षी जुळून आले होते. तेव्हा पंप भरण्यापूर्वी पानावर कोण राहते आणि सरकीबरोबर आपण शेतात काय पेरतो, हे समजून घेणे आवश्यक आहे.

पानावरची वस्ती

रोगट पानावरच जिवाणू असतात असा आपला समज असतो. तो खरा नाही. निरोगी, हिरव्यागार पानावरही जिवाणू असतात आणि ते थोडेथोडके नसतात. पानाच्या एका चौरस सेंटिमीटर जागेवर सर्वसाधारणपणे दहा लाख ते एक कोटी जिवाणू आढळतात. यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे २७ लाख ७२ हजार होती. अंगठ्याच्या नखाएवढ्या पानावर त्याहून अधिक वस्ती असू शकते. प्रत्येक जिवाणू एक-दोन सहस्रांश मिलिमीटर लांबीचा असल्याने डोळ्यांना काहीच दिसत नाही.

मुळांभोवतीच्या जिवाणूंचा अभ्यास फार पूर्वीपासून होत आला, पानांकडे मात्र शास्त्रज्ञांचे लक्ष उशिरा गेले. १९५५-५६ च्या सुमारास लास्ट या संशोधकाने आणि नेदरलँड्सच्या श्रीमती रूइनेन यांनी पानाच्या पृष्ठभागावर सूक्ष्मजीवांची स्वतंत्र वस्ती असते, हा विचार मांडला. रूइनेन यांना इंडोनेशियातील झाडांच्या पानांवर हवेतील नत्र धरणारे जिवाणूही आढळले होते.

ही वस्ती पानभर सारखी पसरलेली नसते. पान उलटे करून उजेडात धरा. शिरांच्या कडेचे खोलगट भाग, केसाळ लवेची मुळे आणि पानाची श्वसनछिद्रे येथे दव जास्त वेळ टिकते, म्हणून जिवाणूंची दाटीही तेथेच होते. बहुतेक अमेरिकन कपाशीच्या मधल्या शिरेवर, पानाच्या खालच्या बाजूस, देठापासून थोड्या अंतरावर एक बारीक खळगी दिसते. तिच्यातून गोड रस पाझरतो आणि म्हणूनच मुंग्या तेथे घुटमळतात. मुंगीला जे गोड, ते जिवाणूलाही गोडच. याशिवाय पानातून झिरपणारी थोडी साखर, पडलेले परागकण, धूळ आणि माव्याचा चिकटा यांवर या वस्तीची गुजराण होते.

पानावर राहणे मात्र सोपे नाही. दुपारचे ऊन, कोरडा वारा आणि मधूनच धुऊन काढणारा पाऊस हे सारे त्यांना सोसावे लागते. कोकणात खाडीकाठच्या तिवराच्या पानावर तर मीठ साचते, तरीही खारटपणा सोसणारे जिवाणू तेथे नांदतात. आपल्याकडे मीठ नाही, पण ऊन आहे. म्हणून कपाशीच्या पानावर टिकून राहणाऱ्या अनेक जिवाणूंना पिवळा, नारिंगी किंवा गुलाबी रंग असतो. हा रंग त्यांचे उन्हापासून रक्षण करतो.

यांपैकी गुलाबी जिवाणूंची ओळख मुद्दाम करून घ्यावी. शास्त्रीय भाषेत त्यांना मिथिलोबॅक्टेरियम म्हणतात. कोवळे पान वाढताना त्याच्या पेशीभित्तिका सैल होतात, त्यातून मिथेनॉल नावाचा वायुरूप पदार्थ तयार होऊन श्वसनछिद्रांवाटे बाहेर पडतो. आपल्या दृष्टीने तो टाकाऊ, पण या जिवाणूंचे ते अन्न आहे. त्याच्या बदल्यात हे जिवाणू पिकाच्या वाढीला मदत करणारी संप्रेरके तयार करतात. प्रयोगशाळेत पान खळीसारख्या माध्यमावर नुसते दाबून उचलले, तर काही दिवसांनी तेथे पानाच्या आकाराचा गुलाबी ठसा उमटतो. कोइम्बतूरच्या तामिळनाडू कृषी विद्यापीठाने या जिवाणूंचे द्रवरूप संवर्धन तयार केले असून पावसाचा ताण पडल्यास त्याची १ टक्का फवारणी करण्याची शिफारस केली आहे.

आणखी एक पानावरचा रहिवासी आपण सारे नावाने ओळखतो. बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस. जपानमध्ये १९०१ साली रेशीमकिड्यांच्या रोगात इशिवाता यांना तो सापडला. पुढे जर्मनीतील थुरिंजिया प्रांतातल्या पिठातील पतंगाच्या अळीत बर्लिनर यांना तो पुन्हा आढळला आणि त्या प्रांताचे नाव त्याला मिळाले. माती, धान्याची धूळ आणि झाडाची पाने येथे तो निसर्गतः असतो. त्याचाच अळीला मारक ठरणारा जनुक कपाशीत घालून तयार केलेल्या वाणांना आपल्या देशात मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली. आज आपण पाकिटातून जी सरकी पेरतो तिची ही कुळकथा आहे. जनुक सरकीत आला म्हणजे जिवाणू सरकीत आला असे नव्हे, हा फरक लक्षात ठेवावा. बीटी सरकी अळीसाठी आहे, तिचा पानावरच्या ठिपक्याशी काही संबंध नाही.

सरकीवर काय असते?

पानावरचे जिवाणू पावसाच्या थेंबाबरोबर उडून बोंडावर जातात. बोंड उमलले की रुईवर आणि तेथून सरकीवर पोचतात. जिनिंगमध्ये रुई निघाल्यानंतरही सरकीवर आखूड, मऊ लव शिल्लक राहते. या लवेत चांगले, वाईट आणि निरुपद्रवी असे सर्व प्रकारचे जिवाणू कोरड्या अवस्थेत अडकून राहतात. काही थोडे सरकीच्या टरफलाच्या आतही शिरलेले असतात.

सरकी पेरली, जमिनीत ओल मिळाली की हे जिवाणू जागे होतात. उगवताना सरकीचे टरफल पुष्कळदा दलपत्रांना चिकटून वर येते, हे आपण पाहिलेच असेल. त्या टरफलावरून जिवाणू थेट कोवळ्या दलपत्रांवर उतरतात. म्हणजे मागच्या वर्षीची वस्ती या वर्षीच्या शेतात आयती येऊन बसते. ती गुलाबी जिवाणूंची असेल तर उत्तमच. पण त्यात करप्याचा जिवाणू असेल तर रोगाची पेरणी आपल्याच हाताने झाली असे समजावे.

जिवाणूजन्य करपा

कपाशीचा हा रोग झान्थोमोनास नावाच्या जिवाणूमुळे होतो. यास अणुजीवी करपा किंवा कोनाकार ठिपके असेही म्हणतात. एकच जिवाणू झाडाच्या निरनिराळ्या भागांवर निरनिराळी लक्षणे दाखवितो, त्यामुळे शेतकऱ्याला ते चार वेगळे रोग वाटतात.

उगवणीनंतर दलपत्रांवर पाणी शोषल्यासारखे बारीक गोल ठिपके येतात, पुढे ते तपकिरी होतात व कधी रोप वाळते. मोठ्या पानावर ठिपका बारीक शिरांमध्ये अडतो, त्यामुळे तो गोल न होता कोनाकार दिसतो. रोग मुख्य शिरेत उतरला तर शीरच शिरेच्या बाजूने काळी पडत जाते व पान वाकडे होते. देठावर आणि फांदीवर लांबट काळे चट्टे पडतात, फांदी तेथे कमकुवत होऊन वाऱ्याने मोडते. बोंडावर प्रथम तेलकट, पाणीदार गोल ठिपके येतात, नंतर ते खोलगट व काळे होतात. अशा बोंडातील रुई पिवळी पडते आणि बाजारात तिला भाव मिळत नाही.

जिवाणूला पानाच्या सालीतून भोक पाडून आत जाता येत नाही. त्याला श्वसनछिद्र तरी लागते किंवा जखम तरी. पान नुसते ओले असून भागत नाही. वाऱ्यासह आलेल्या पावसाच्या माऱ्याने पाणी छिद्रांत शिरले की त्याबरोबर जिवाणू आत जातो. म्हणून उघडीप असलेल्या वर्षी हा रोग फारसा दिसत नाही, आणि झडीच्या वर्षी पैनगंगेच्या काठच्या खोलगट, दाट लावणीच्या शेतांत तो आधी दिसतो. उंच बरड जमिनीत वारा खेळता असतो, पाने लवकर सुकतात, तेथे तो उशिरा येतो किंवा येतच नाही. पाने ओली असताना डवरणी किंवा निंदण करू नये, असे वडीलधारी मंडळी सांगत आली आहेत ते यासाठीही योग्यच आहे. ओल्या पिकातून फिरताना कपड्याला, हाताला आणि बैलाच्या अंगाला लागून रोग एका तासावरून दुसऱ्या तासावर जातो.

देशी कपाशीला हा रोग सहसा होत नाही, तो मुख्यतः अमेरिकन कपाशीचा रोग आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे एकेए-७ आणि एकेए-८ हे देशी वाण ज्यांनी पाहिले असतील त्यांना हा फरक ठाऊक असेल. मात्र देशी कपाशीवर दहिया रोग अधिक येतो, हेही खरे.

ठिपका ओळखताना होणारी गल्लत

सकाळी दव असताना शेतात जावे. ठिपके असलेले पान तोडून सूर्याकडे धरावे. करप्याचा ताजा ठिपका काचेसारखा अर्धपारदर्शक, कडेला ओलसर आणि शिरांमध्ये अडलेला कोनाकार दिसतो. खालच्या बाजूने तो अधिक स्पष्ट असतो. जुना ठिपका काळा व कोरडा झालेला असतो, त्यावरून निदान करू नये. ठिपका गोल असून त्यात एकात एक वर्तुळे दिसली, तर तो बहुधा बुरशीचा, म्हणजे अल्टरनेरियाचा ठिपका असतो. पानाच्या खाली दही शिंपडल्यासारखी पांढरी भुकटी असेल तर तो दहिया. दहियाचे डागही शिरांमध्येच अडतात, पण ते पांढरे असतात, काळपट नसतात.

पानाची कड पिवळी, मग लाल होऊन पान खाली वळले असेल तर पानाच्या मागे तुडतुडे आहेत का ते पाहावे. पान हलवले की ते तिरके पळतात. तुडतुडे नाहीत, ठिपकेही नाहीत आणि बोंडे भरण्याच्या वेळी सारे झाडच लाल पडू लागले, तर तो लाल्या आहे. लाल्या हा जिवाणूंचा किंवा बुरशीचा रोग नाही. बोंडांना अन्न पुरविताना पानांतील नत्र व मॅग्नेशियम कमी पडते, त्यात हलक्या जमिनीत ओलाव्याचा ताण किंवा भारी जमिनीत साचलेले पाणी यांची भर पडते. त्यावर बुरशीनाशक फवारणे म्हणजे उपाशी माणसाला मलम चोळण्यासारखे आहे. युरिया किंवा डीएपीची २ टक्के आणि मॅग्नेशियम सल्फेटची १ टक्का फवारणी वेळेवर केल्यास उपयोग होतो.

एवढी तपासणी करायला अर्धा तास पुरतो. शंका राहिल्यास ताजी पाने ओल्या कापडात न गुंडाळता कागदात घालून कृषी विज्ञान केंद्रात दाखवावीत. ओल्या कापडात दुसरेच सूक्ष्मजीव वाढतात आणि निदान चुकते.

घरातला शेजारी चोर होतो तेव्हा

बोंडसडीचा प्रकार थोडा निराळा आहे, आणि अलीकडच्या वर्षांत त्याने आपल्या भागात पुष्कळ नुकसान केले आहे. बोंड बाहेरून हिरवे, टवटवीत दिसते. फोडून पाहिले तर आतली एखादी पाकळी पिवळट-तांबूस किंवा तपकिरी होऊन कुजलेली असते. शेतकरी गोंधळतो, कारण वर भोक नाही, अळी नाही, बुरशीही नाही.

येथे बाहेरून कोणी नवा शत्रू आलेला नसतो. पानावर, फुलावर एरवी निरुपद्रवी राहणारे पँटोइया जातीचे जिवाणू बोंडात शिरलेले असतात. त्यांना स्वतः आत जाता येत नाही. लाल ढेकूण आणि मिरिड ढेकूण बोंडातील रस शोषण्यासाठी सोंड खुपसतात, तेव्हा त्या सूक्ष्म छिद्रातून जिवाणू आत जातात. बोंडाच्या आत ऊन नाही, वारा नाही, ओलावा आणि साखर मात्र भरपूर. बाहेर ज्यांना जेमतेम जगता येत होते ते आत माजतात. फुलाच्या वाळलेल्या पाकळ्या बोंडाच्या टोकाला चिकटून पावसात भिजत राहिल्या, तरी सडीला वाव मिळतो.

यावरून उपाय कोणता ते लक्षात येईल. आतल्या जिवाणूपर्यंत कोणतीही फवारणी पोचत नाही. त्याला वाट करून देणाऱ्या ढेकणांवर लक्ष ठेवावे लागते, तेही कोवळी बोंडे दहा-पंधरा दिवसांची असताना. शेतातील आठ-दहा ठिकाणची दोन-दोन हिरवी बोंडे फोडून पाहावीत. पीक फार दाटले असल्यास, नत्र जास्त झाल्यामुळे माजले असल्यास, हवा खेळती राहत नाही आणि सड वाढते. तेव्हा पुढच्या वर्षी लावणीचे अंतर व युरियाचे हप्ते तपासावेत. चालू हंगामात चिकटलेल्या पाकळ्या हाताने काढणे छोट्या शेतावर शक्य आहे. कंटाळवाणे काम आहे खरे, पण बिनखर्चाचे आहे.

पऱ्हाटीचा ढीग

करप्याचा जिवाणू ओलसर, कुजणाऱ्या काडीकचऱ्यात फार काळ तग धरीत नाही. मातीतले इतर जिवाणू त्याला पुरून उरतात. पण कोरड्या पऱ्हाटीवर, वाळलेल्या पानावर आणि झाडाला लटकून राहिलेल्या कवड्यांवर तो उन्हाळाभर सुखाने टिकतो. आपल्याकडे तर पऱ्हाटी उपटून धुऱ्यावर रचण्याची, कुंपणाला लावण्याची आणि चुलीसाठी घराजवळ साठवण्याची पद्धत आहे. जळणाची गरज खरी आहे, ती नाकारून चालणार नाही. पण निदान ढीग शेतात, नव्या पेरणीच्या वाऱ्याच्या तोंडावर नसावा. जळणासाठी लागेल तेवढी पऱ्हाटी घराकडे न्यावी आणि मृगापूर्वी संपवावी. उरलेली यंत्राने बारीक करून, शेणकाल्यासह खड्ड्यात भिजवून कुजवावी. गुलाबी बोंडअळीचे कोषही याच कवड्यांत राहत असल्याने एका कामात दोन शत्रूंचा बंदोबस्त होतो. पऱ्हाटी शेतात पेटवून देऊ नये. त्याने सेंद्रिय पदार्थ आणि मातीच्या वरच्या थरातील उपयुक्त जिवाणू दोन्ही जळतात.

वेचणीनंतर खोल नांगरट, पाळीपाळीने तूर, ज्वारी किंवा सोयाबीनची फेरपालट आणि उगवणीनंतर आपोआप आलेली मागच्या वर्षीची रोपे उपटून टाकणे, ही जुनीच कामे आहेत. ती जिवाणूंच्या दृष्टीने का करायची ते आता कळले असेल.

बीजप्रक्रिया कशी करावी?

बाजारातील संकरित बीटी सरकी लव काढून, रंग लावून, कीटकनाशकाची प्रक्रिया करूनच पाकिटात येते. तिला पुन्हा आम्लाची गरज नाही. तिच्यावर ॲझोटोबॅक्टर किंवा स्फुरद विरघळविणाऱ्या जिवाणूंचे संवर्धन चोळण्याचा मोह टाळावा, कारण रसायनाचा लेप लागलेल्या सरकीवर जिवंत जिवाणू टिकण्याची खात्री नसते. अशा वेळी संवर्धने एकरी प्रत्येकी २ किलो या प्रमाणात ५० ते १०० किलो चाळलेल्या, ओलसर शेणखतात मिसळून, सावलीत ठेवून, पेरणीच्या वेळी तासात द्यावीत.

ज्यांच्याकडे देशी किंवा सरळ वाणाची घरची सरकी आहे, त्यांनी मात्र लव काढावी. एक किलो सरकीस साधारण १०० मिलिलिटर तीव्र गंधकाम्ल लागते. सरकी प्लास्टिकच्या घमेल्यात घेऊन, आम्ल ओतून लाकडी दांड्याने दोन ते तीन मिनिटे ढवळली की लव जळून सरकी कॉफीच्या रंगाची व गुळगुळीत होते. लगेच चार-पाच वेळा भरपूर पाण्याने धुवावी, मग चुन्याच्या निवळीत घोळून पुन्हा साध्या पाण्याने धुवावी. पाण्यावर तरंगणारी सरकी पोचट असते, ती काढून टाकावी. बुडालेली सावलीत वाळवावी. आम्ल अंगावर उडाल्यास खोल भाजते, म्हणून पहिल्या वेळी ही क्रिया कृषी विज्ञान केंद्राच्या किंवा कृषी खात्याच्या माणसासमोरच करावी. हातमोजे व चष्मा वापरावा, मुले जवळ नसावीत आणि आम्लाच्या भांड्यात कधीही पाणी ओतू नये. लव गेली म्हणजे लवेतील करप्याचे जिवाणू गेले. टरफलाच्या आत शिरलेले थोडे मात्र राहतातच.

म्हणून पुढची पायरी आहे मित्र जिवाणूंची. स्यूडोमोनास फ्लुरोसन्स हा जिवाणू मुळांवर आणि पानांवर राहतो. तो जागा अडवितो, आसपासचे लोह स्वतःकडे ओढून घेतो आणि रोगजंतूला मारक द्रव्ये सोडतो. त्याची भुकटी १० ग्रॅम प्रति किलो सरकी या प्रमाणात वापरावी. गूळ पाण्यात उकळून थंड करावा, त्या चिकट पाण्याने सरकी ओलसर करून भुकटी हलक्या हाताने चोळावी, सावलीत सुकवावी आणि त्याच दिवशी पेरावी. गरम गुळाचे पाणी वापरले तर आपण जिवाणू शिजवून पेरतो. बुरशीनाशक लावायचेच असेल तर ते आधी, मग कीटकनाशक आणि जिवाणू संवर्धन सर्वांत शेवटी, हा क्रम चुकवू नये. संवर्धनाच्या पाकिटावरील अंतिम तारीख पाहावी. उन्हात टांगलेल्या, युरियाच्या गोण्यांवर ठेवलेल्या पाकिटातील जिवाणू पाकिटातच मेलेले असतात आणि दोष मात्र पद्धतीला दिला जातो.

फवारणीची वेळ आली तर

पेरणीनंतर महिना-दीड महिन्याने सतत झड असेल आणि कोनाकार ओले ठिपके नव्या पानांवर सरकत असतील, तरच फवारणीचा विचार करावा. खालची चार पाने ठिपकेदार असून वरची वाढ स्वच्छ असेल व ऊन पडले असेल तर थांबावे, रोग आपोआप थबकतो. गरज भासल्यास कॉपर ऑक्सिक्लोराईड ५० टक्के भुकटी २५ ग्रॅम प्रति १० लिटर पाण्यातून, पानाच्या दोन्ही बाजू भिजतील अशी फवारावी. ताम्र औषध पानाच्या बाहेरच्या जिवाणूंना रोखते, आत गेलेल्यांवर त्याचा इलाज चालत नाही, म्हणून ते उशिरा मारून उपयोग नाही. ताम्र औषध फवारले त्याच आठवड्यात जिवाणू संवर्धन फवारू नये.

या ताम्र औषधाबरोबर स्ट्रेप्टोसायक्लिन मिसळण्याची शिफारस आपण अनेक वर्षे ऐकत व वाचत आलो आहोत, आणि अशा पानांतूनच ती केली गेली आहे. तिच्याबद्दल आता स्पष्ट लिहिणे भाग आहे. स्ट्रेप्टोसायक्लिनमध्ये नऊ भाग स्ट्रेप्टोमायसीन व एक भाग टेट्रासायक्लिन असते. स्ट्रेप्टोमायसीन १९४३ साली अमेरिकेत एका मातीतल्या जिवाणूपासूनच मिळाले आणि क्षयरोगावरचे ते पहिले गुणकारी औषध ठरले. शेतात ते वारंवार फवारले की पानावरच्या कोट्यवधी जिवाणूंपैकी औषधाला न जुमानणारे तेवढे मागे राहतात, गुलाबी मित्र मरतात आणि न जुमानण्याचा गुण एका जातीच्या जिवाणूकडून दुसऱ्या जातीकडेही जाऊ शकतो. माणसाच्या आजारात तेच औषध पुढे निकामी ठरण्याचा धोका यात आहे. केंद्र शासनाने डिसेंबर २०२१ मध्ये शेतीतील स्ट्रेप्टोमायसीन व टेट्रासायक्लिनच्या वापरावर बंदी घालणाऱ्या आदेशाचा मसुदा प्रसिद्ध केला तो याच कारणाने. आमचे मत असे की, कपाशीसाठी हे औषध मागूच नये. दुकानदाराने पुढे केले तरी घेऊ नये. रोगाच्या सुरुवातीला स्यूडोमोनास फ्लुरोसन्सची भुकटी २० ते ५० ग्रॅम प्रति १० लिटर पाण्यात मिसळून संध्याकाळी फवारणे हा त्यापेक्षा बरा मार्ग आहे. संध्याकाळीच का, तर दुपारच्या उन्हात हे जिवाणू पानावर बसण्यापूर्वीच मरतात.

कोणतीही फवारणी करताना दोन औषधे स्वतःच्या मनाने एकत्र करू नयेत. तोंडाला फडके, हातमोजे, अंगभर कपडे आणि पायात बूट असावेत. वाऱ्याच्या दिशेने पुढे सरकावे, छातीच्या वर गेलेल्या पिकात शिरून फवारू नये. उपाशीपोटी किंवा भर उन्हात पंप उचलू नये. मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी, घाम किंवा नजर धूसर झाल्यास काम तेथेच थांबवून, कपडे बदलून, अंग साबणाने धुऊन औषधाच्या डब्यासह दवाखान्यात जावे. डब्यावरील माहितीवरूनच डॉक्टरला उपचार ठरवता येतो.

पुढील वर्षासाठी घरची सरकी राखायची असेल त्यांनी निवड वेचणीच्या वेळी नव्हे, तर आता, पीक उभे असतानाच करावी. ज्या झाडांच्या पानांवर, देठांवर व बोंडांवर एकही ओला ठिपका नाही अशी झाडे शेताच्या मध्यभागातून निवडून त्यांना रंगीत सुतळी बांधावी. पहिली वेचणी पावसात भिजलेली असल्यास ती बियाण्यासाठी धरू नये. दुसऱ्या वेचणीत, दव सुकल्यावर, सुतळी बांधलेल्या झाडांची पूर्ण उमललेली बोंडे वेगळ्या ओट्यात वेचावीत आणि तो कापूस जिनिंगला न देता घरच्या रेच्यावर किंवा हाताने सरकी काढून कापडी पिशवीत, कोरड्या जागी ठेवावी.